म्हाताऱ्या जीपची सेवाशुश्रूषा

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ब्रेक, पाटे आणि डिझेलपंप यांवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. संपादक मंडळाने माझ्याकडे खरे तर कविता मागितली होती. कविता मला येत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत जे थोडेफार खात्रीने कळले आहे ते आमच्या जीपबद्दल, म्हणून तेच लिहिते. आपल्या महाविद्यालयात डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांतून येणारी पुष्कळ मुले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या दारात अशीच एखादी जुनी गाडी उभी असेल. त्यांना यातले काही उपयोगी पडावे, आणि प्राध्यापकवर्गाने हा लेख विज्ञान विभागाकडे ढकलू नये, एवढीच विनंती.

आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. एस. टी. खालच्या फाट्यापर्यंत येते. तिथून वर चार किलोमीटर चढ आणि त्यातला निम्मा कच्चा. आमची जीप महिंद्राची एम. एम. ५४०, १९९५ साली नोंदलेली. आबांनी ती २०११ साली जुनीच घेतली. सकाळी दुधाच्या किटल्या खाली न्यायच्या, येताना खताची पोती, पेंड, कधी कुणाच्या घरचे आजारी माणूस. गाडी एक दिवस बंद राहिली तर दूध घरात राहते, आणि दुधाच्या हिशेबातूनच माझे खोलीभाडे व मेसचे पैसे निघतात. नवी गाडी आमच्या दोन एकरांना पेलणारी नाही. तेव्हा ही म्हातारी चालती ठेवणे हा आमच्या घरी छंदाचा विषय नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

जीपचे मूळ घराणे अमेरिकेतले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून विलिस कंपनीने सैन्यासाठी या गाड्या काढल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने (१९४८ साली तिचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले) त्यांची जुळणी आपल्या देशात सुरू केली. जुन्या चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर जिच्यातून उतरतो ती उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे-३बी. तिचे इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. ऐट म्हणून नव्हे! पुढे आपल्याकडे पेट्रोल परवडेना तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिने आली. आमच्या गाडीत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन आहे. या आकड्याचा अर्थ मला मॅन्युअल वाचताना लागला. चार सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याचा फेरा ८३ मिलिमीटर धरून गुणाकार केला की २११२ घनसेंटिमीटर बरोबर येतात. गणित सुटल्याचा आनंद दहावीनंतर तेव्हा प्रथम झाला.

मॅन्युअलचा उल्लेख आला म्हणून सांगते. आबा सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी पुस्तक त्यांच्या उपयोगाचे नाही. बारा वर्षे गाडीच्या आवाजावरूनच त्यांनी निदान केले आहे आणि ते क्वचित चुकते. पण यू-बोल्ट किती जोराने आवळायचा, टॅपेटची फट किती ठेवायची, हे आवाजावरून कळत नाही. कराडच्या एका मिस्त्रीकाकांनी जुन्या मॅन्युअलच्या झेरॉक्स दिल्या, आणि अकरावीच्या सुटीत शब्दकोश मांडीवर घेऊन मी त्या वाचून काढल्या. शब्दकोशाचा फारसा उपयोग झाला नाही. ज्याला पुस्तक 'लीफ स्प्रिंग' म्हणते त्याला आबा 'पाटा' म्हणतात, आणि शब्दकोश या दोघांनाही ओळखत नाही. शेवटी पुस्तकातले चित्र घेऊन गाडीखाली जायचे आणि आबांना विचारायचे, "ह्याला काय म्हणायचं?" अशी माझी परिभाषा तयार झाली. आमच्या भाषाशास्त्राच्या तासाला ज्याला क्षेत्रीय अभ्यास म्हणतात तो हाच असावा!

गाडीखाली जाण्याबद्दल आमच्या घरी एक कडक नियम आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. जॅक घसरतो, कलंडतो, त्याचे तेल सुटते. चॅसीखाली लाकडी ठोकळे रचायचे, चाकांना उटी लावायची आणि काढलेले चाकही चॅसीखाली आडवे सरकवून ठेवायचे. विटा किंवा दगड कधीही नाही. लाकूड मोडण्याआधी कुरकुरते. वीट काही न सांगता भुगा होते.

आता पाटे. एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्या मधोमध एका बोल्टने शिवलेल्या असतात. तो सेंटर बोल्ट. त्याचे डोके अॅक्सलवरच्या खळग्यात बसते आणि दोन यू-बोल्ट सगळ्या जुडग्याला अॅक्सलशी बांधतात. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. तो तुटला की त्या बाजूचा अॅक्सल मागे सरकतो, आणि मग गाडी कुत्रे पळते तशी तिरकी चालू लागते. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले की स्पष्ट दिसते. म्हणून पाटे खोलून पुन्हा बसवल्यावर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायचे असतात. ही गोष्ट गॅरेजवाला सांगतो, पण त्यासाठी पुन्हा घाट उतरून कुणी जात नाही. घरी पाना असला तर दहा मिनिटांचे काम.

आमच्याकडे बहुतेक जीपवाले मागे एक पाटा जास्तीचा घालतात. आम्हीही घातला आहे. त्याचा हिशेब असा. पोती भरल्यावर गाडी बसत नाही हा फायदा, पण रिकामी असताना ती मोजून प्रत्येक खड्डा सांगते. शिवाय खडबडीत जागी एक चाक वर गेले असता दुसरे खाली जमिनीला टेकले पाहिजे. पाटा कडक झाला की ते अधांतरी राहते. जीपच्या डिफरन्शियलची रीत अशी की, ज्या चाकाला जमीन नाही तेच फिरत बसते आणि जमिनीवरचे चाक उभे राहते. म्हणून जास्तीचा पाटा ही ओझ्याची सोय आहे. चिखलातली मुळीच नाही.

चिखलासाठी फोर व्हील. हा दांडा टाकला की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी जखडली जातात, मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात तो फरक घसरून निघून जातो. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ दातांत आणि शाफ्टमध्ये साठतो आणि दांडा परत निघत नाही. पावसाळ्यात आमच्या भागातले हौशी चालक डांबरीवरही 'फोर' टाकून जातात आणि वर 'गिअर बॉक्स खराब लागला' म्हणतात. दांडा अडकला तर हातोडी घ्यायची नाही. थोडे सरळ मागे जावे, पीळ उलगडतो, दांडा आपोआप सुटतो.

सकाळी गाडी सुरू न होणे हा सर्वांना माहीत असलेला त्रास. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल पेट घेते. थंडीत लोखंड गार असते, दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर प्लग असतात. चारांपैकी दोन गेले तरी उन्हाळ्यात कळत नाही, डिसेंबरात कळते. ते तपासायला गॅरेज लागत नाही. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवायची, साध्या बल्बची एक वायर बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावायची. बल्ब लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर मेला. चारही प्लग सरसकट बदलायला निघालेल्या माणसाचे दोन प्लगांचे पैसे यात वाचतात.

दुसरे कारण हवा. डिझेल फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो. फिल्टरवरचा लहान स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू बंद. तरीही इंजिन घेत नसेल तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट किंचित ढिले करून स्टार्टर मारतात. इथे मात्र बोट लांब! इंजेक्टरमधून निघणारा फवारा इतक्या दाबाचा असतो की तो कातडीतून आत शिरतो; जखम टाचणीएवढी दिसते आणि आत डिझेल पसरते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

एका गोष्टीवर आबांचे आणि माझे अजून जमत नाही. गाडी घाटात तापते म्हणून आमच्याकडे सर्रास थर्मोस्टॅट काढून फेकतात. आबांचेही मत तेच. पण थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला लवकर त्याच्या योग्य उष्णतेला आणण्याचे आहे. तो नसला की इंजिन सकाळभर गार चालते, डिझेल अर्धवट जळते, धूर होतो, तेल लवकर बिघडते. गाडी तापते ती बहुधा रेडिएटरात क्षार साचले म्हणून किंवा पट्टा ढिला म्हणून. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही रेडिएटर खोलून साफ करून घेतला, त्यात विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घातले, आणि मी हट्टाने नवा थर्मोस्टॅट बसवला. सुई तेव्हापासून मध्यावर आहे. आबा म्हणतात, "रेडिएटरनं काम केलं, तुझ्या डबीनं न्हाई." असो.

आता ब्रेक. या लेखात सर्वांत जास्त जागा ब्रेकला देणार आहे, कारण आमच्या वाडीचा रस्ता एका बाजूने दरीचा आहे.

२०२३ च्या मे महिन्यात एका लग्नाची भांडी आणि मांडवाचे सामान घेऊन आमचे काका गाडी खाली उतरवत होते. मी मागे भांड्यांत बसले होते. ओझे जास्त, ऊन कडक, आणि काकांचा पाय वरपासून ब्रेकवर. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे पेडल एकदम फळीला टेकले. काकांनी गिअर खाली ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला, गवताच्या बांधावर घासत उभी केली. मडगार्ड चेपले, दोन पातेली गेली, माणसे वाचली. सगळ्यांनी वाकून पाहिले तर तेल कुठेही गळलेले नव्हते. अर्ध्या तासाने काकांनी पाय दिला तर पेडल पुन्हा घट्ट! लोकांनी याचा संबंध वळणावरच्या म्हसोबाशी लावला. मला ते अर्धा तास जास्त महत्त्वाचे वाटले.

ब्रेकचे तेल पाणी शोषते. डबीचे झाकण उघडे राहिले तर हवेतला दमट अंश त्यात जातो, आणि गाडीत असतानाही वर्षानुवर्षे रबरी नळ्यांतून थोडा थोडा जातच असतो. आमच्याकडच्या पावसात तर विचारायला नको. डॉट-३ जातीचे तेल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० वर येते. सतत पाय ठेवल्याने ड्रम तापतो, उष्णता चाकातल्या सिलिंडरपर्यंत पोचते, तेल तिथे उकळते आणि वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो आणि पेडल खाली बसते. गार झाले की वाफेचे पुन्हा तेल, पेडल पुन्हा घट्ट. आबांनी गाडी घेतल्यापासून तेलात भर टाकली होती, बदलले कधीच नव्हते. बारा वर्षे!

हे ओळखण्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनिंग तापून गुळगुळीत झाले आहे किंवा ओले झाले आहे. पेडल खाली जाते आणि तेलाची पातळीही उतरली आहे, तर कुठेतरी गळती आहे. पेडल खाली गेले, तेल जागच्या जागी, आणि गार झाल्यावर सगळे ठीक, तर तेल जुने झाले आहे.

तेल बदलणे आणि हवा काढणे हे दोन माणसांचे काम. एक पेडलवर, एक चाकाशी. आमच्याकडे पेडलवर आई असते. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या डाव्या. मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचे. मी म्हणते "दाब", आई दाबते. "धर", मी निपल उघडते, तेल आणि बुडबुडे येतात. निपल बंद केल्यावर "सोड". या तीन शब्दांचा क्रम चुकता कामा नये. निपल उघडे असताना पाय सुटला तर नळी उलटी हवा ओढते आणि पहिल्यापासून सुरुवात. आईला गाडी चालवता येत नाही, पण तिच्यासारखे पेडल धरणारे आमच्या वाडीत कुणी नाही. शेजारचे लोक आता त्यांच्या गाडीची हवा काढायची असली की आईलाच बोलावतात. मधूनमधून मास्टर सिलिंडरमध्ये तेल पाहात राहावे. ते रिकामे झाले तर सगळी मेहनत फुकट.

सिलिंडरच्या रबरी वाट्या डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत, त्या फुगतात. ब्रेकच्याच तेलाने धुवाव्यात. ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके फेकून द्यावे. आणि ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी असते. पन्नास-शंभर पावले हलका पाय ठेवून चालवले की ते वाळते.

उतरण्याची रीतही आम्ही बदलली. भरलेली गाडी आता वरूनच लो गिअरमध्ये टाकतात. ट्रान्सफर केसचा हा गिअर वेग सुमारे अडीचपट कमी करतो, इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकला विश्रांती मिळते. वेळ दहा मिनिटे जास्त लागतो. काका कुरकुरतात, पण टाकतात.

सुधारणा म्हणाल तर आम्ही केलेली खरी एकच, दिव्यांची. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला भागले की १० अँपिअर. इतका प्रवाह तीस वर्षांच्या गंजक्या वायरीतून आणि स्विचमधून जाताना वाटेतच व्होल्ट गळतात. स्विच गरम होतो आणि दिवा पिवळा पडतो. आम्ही बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट दिव्यांपर्यंत नेली आणि मध्ये रिले बसवले. आता स्विचमधून रिलेला हुकूम देण्यापुरता थोडासा प्रवाह जातो. बल्ब तेच, वॅट तेच. उजेड मात्र पहिल्यांदाच रस्त्यावर पडला. धुक्याच्या दिवसांत याचे मोल काय ते घाटातल्या माणसालाच कळेल.

मोठे टायर, उंच केलेली चॅसी, पुढे लोखंडी गार्ड हे प्रकार आमच्या वर्गातल्या काही मित्रांना फार आवडतात. त्यांचा राग ओढवून घेऊन लिहिते. जीपच्या जुन्या ६.००-१६ मापाच्या टायरची उंची साधारण २८ इंच. तिथे ३१ इंची टायर चढवला की प्रत्येक फेऱ्यात गाडी दहा टक्के जास्त पुढे जाते. काटा ४० दाखवतो तेव्हा वेग ४४ असतो, चढाला ओढ कमी पडते आणि ब्रेकला तेच चाक थांबवायला जास्त जोर लागतो. गाडी उंच केली की शाफ्टच्या क्रॉसवरचा कोन वाढतो, ब्रेकची नळी ताणली जाते आणि आडव्या उतारावर कलंडण्याची भीती वाढते. कायदाही आड येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले, आणि लोखंडी गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. आमची २०२५ साली चौथ्यांदा वाढली. तपासणीला जाताना मूळ टायर, मूळ उंची, चालू दिवे आणि धरणारे ब्रेक एवढेच आमच्याजवळ होते. ते पुरले.

सध्या स्टिअरिंग थरथरते. ताशी चाळीसच्या आसपास सुरू होते आणि खड्डा लागला की वाढते. पुढचा अॅक्सल उचलून चाक वर-खाली धरून हलवले तर खेळ जाणवतो. हा खेळ चाकाच्या बेअरिंगचा की किंग पिनचा, हे ओळखायची युक्ती मिस्त्रीकाकांनी सांगितली. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवायचे. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन. आईने ब्रेक धरला, खेळ राहिला. किंग पिनच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या कमी केल्या की बेअरिंग पुन्हा घट्ट बसते, बेअरिंगच झिजले असेल तर ते बदलावे लागते. पुण्याच्या नाना पेठेतून चुलतभावाने दोन्ही बाजूंची बेअरिंगे आणि चकत्यांचा संच आणून ठेवला आहे. सत्र परीक्षेचा शेवटचा पेपर शनिवारी आहे, रविवारी गाडी ठोकळ्यांवर चढेल.